तलवारीची विद्या आणि तिची न लिहिलेली पोथी : पेण-रोह्याचा मुलूख

भोगावतीच्या काठचे पेण आणि कुंडलिकेच्या काठचे रोहा ही रायगड जिल्ह्यातील दोन तालुक्यांची ठिकाणे आज गणेशमूर्तींच्या कारखान्यांसाठी आणि धाटावच्या औद्योगिक वसाहतीसाठी ओळखली जातात. परंतु सतराव्या आणि अठराव्या शतकांत या दोहोंमधला पट्टा शस्त्रे बाळगणाऱ्या आणि शस्त्रांवर पोट असणाऱ्या माणसांचा होता. घाटावरून उतरलेले सैन्य येथे सपाटीला लागे, भरतीबरोबर खाडीतून वर येणारा माल पेणजवळच्या अंतोरे बंदरात आणि रोह्यात उतरे, आणि दक्षिणेचा जंजिऱ्याचा सिद्दी, पश्चिमेचे चौल-रेवदंड्याचे पोर्तुगीज व उत्तरेकडून कल्याणमार्गे येणारे मोगल अशा तीन सत्तांची झळ या गावांना वारंवार लागे. अशा मुलखात तलवार चालवता येणे ही हौसेची बाब नव्हती. त्या विद्येचा इतिहास पाहू जाता मात्र एक गोष्ट ठळकपणे नजरेत भरते, ती अशी की येथे शस्त्रे शिल्लक आहेत, लढायांच्या नोंदी आहेत, वीरांची नावे आहेत, पण ज्या हातांनी तलवार गाजवली त्याच हातांनी तलवारीवर ग्रंथ लिहिल्याचे उदाहरण नाही. सतराव्या शतकातच जपानमध्ये मियामोतो मुसाशी आणि याग्यू मुनेनोरी हे दोन नामांकित तलवारबहाद्दर आपापले ग्रंथ लिहून ठेवत होते. दोन्हीकडे विद्या होती, दोन्हीकडे शौर्य होते आणि दोन्हीकडे लेखनाची परंपराही जुनी होती; मग एकीकडे पोथी झाली आणि दुसरीकडे झाली नाही, याचे कारण शोधताना येथील तलवारीचा स्वभावच उलगडत जातो.

प्रथम शस्त्राविषयी. मराठी कागदपत्रांत तलवार या सर्वसाधारण नावाखाली अनेक तऱ्हेची पाती येतात. वक्र पात्याची ती समशेर, सरळ व लांब पात्याची ती धोप, आणि युरोपात घडलेल्या पात्याला देशी मूठ बसवून सिद्ध केलेली ती फिरंग, असा भेद स्थूलमानाने करता येतो. युरोपीय पाती पश्चिम किनाऱ्यावर मुख्यतः पोर्तुगीज व्यापारातून उतरत असत, आणि रोह्याची कुंडलिका जेथे समुद्राला मिळते तेथेच १७४० पर्यंत पोर्तुगीजांकडे असलेला रेवदंडा आहे. म्हणजे फिरंगेचे एक दार या मुलखाच्या उंबऱ्यावरच होते. देशी मुठीत बोटांचे रक्षण करणारी परज असते, मुठीच्या आतल्या बाजूला हाताला लागू नये म्हणून कापडाची गादी लावलेली असते, आणि पात्याच्या टोकापेक्षा धारेवर अधिक भिस्त असल्यामुळे या तलवारीचा मुख्य वार भोसकण्याचा नसून ओढून कापण्याचा असतो.

पट्टा किंवा दांडपट्टा हे शस्त्र याहून वेगळे आणि मराठी मुलखाशी विशेष जोडले गेलेले. साधारण तीन-साडेतीन फुटांचे, सरळ, दोन्ही कडांना धार असलेले आणि बऱ्यापैकी लवचीक असे त्याचे पाते असते. परंतु त्याचे वैशिष्ट्य पात्यात नसून मुठीत आहे. मूठ म्हणजे हाताचा पंजा आणि कोपरापर्यंतचा भाग झाकणारे लोखंडी आवरण असून त्याच्या आतील आडव्या दांडीवर पटेकऱ्याची पकड असते. या रचनेमुळे मनगट बांधले जाते, साध्या तलवारीप्रमाणे ते वळवता येत नाही, आणि म्हणून वाराचे सगळे बळ कोपर, खांदा, कंबर व पाय यांतून आणावे लागते. पट्टा चालवणारा एका जागी उभा राहून लढू शकत नाही. त्याला सतत फिरावे लागते, आणि त्याच्या भोवती पात्याचे जे वर्तुळ तयार होते तेच त्याचे आक्रमण आणि तेच त्याचे संरक्षण असते. अनेकांनी घेरलेल्या एकट्या माणसाला अथवा अरुंद खिंड अडवून धरणाऱ्या मूठभर लोकांना हे शस्त्र इतके सोयीचे का, हे त्याच्या मुठीकडे पाहिले की कळते. जुलै १६६० मध्ये घोडखिंडीत बाजीप्रभू देशपांड्यांनी केलेल्या झुंजीचे वर्णन लोकस्मृतीने पट्ट्यासह जपले, त्यामागे शस्त्राचा हा धर्म आहे.

या मुलखातील लढायांच्या नोंदी जेथे सापडतात ते कागद आटोपशीर आहेत. शकावली म्हणजे वर्षवार घटनांची टिपणवही. मावळातील जेधे देशमुखांकडची शकावली त्यांपैकी सर्वांत विश्वासार्ह मानली जाते. शके १५८३ च्या माघ महिन्यात, म्हणजे १६६२ च्या आरंभी, शिवाजी महाराज मिऱ्या डोंगरी मोगल सरदार नामदारखानावर चालून गेले, आणि त्याच सुमारास पेणच्या लढाईत वाघोजी तुपे जखमी झाले, इतकाच मजकूर तिच्यात आहे. मिऱ्या डोंगर म्हणजे पेण तालुक्यातील मिरगड. वाघोजींनी कोणते शस्त्र धरले होते, समोरच्याने कसा वार केला, त्यांनी तो कसा झेलला, यांविषयी शकावली एक अक्षर काढत नाही, आणि तसे काढणे हे तिचे कामही नव्हते. रोहा तालुक्यातील घोसाळगडाची हकीकत अशीच त्रोटक आहे: १६५९ मध्ये सिद्दीने तळे आणि घोसाळे या किल्ल्यांना वेढा घातला आणि अफझलखान मारला गेल्याची वार्ता येताच तो उठवला. वेढ्याचा आरंभ आणि अंत लिहिला गेला. तटावर झालेली हातघाई लिहिली गेली नाही.

लढाईतील हाताचे काम खरोखर जवळून दाखवणारा मजकूर मराठीत मिळतो तो बखरीत, आणि त्यातही कृष्णाजी अनंत सभासद यांनी १६९० च्या दशकात जिंजीला राजाराम महाराजांच्या सांगण्यावरून लिहिलेल्या बखरीत. १० नोव्हेंबर १६५९ रोजी प्रतापगडाच्या पायथ्याशी अफझलखान पडल्यानंतर त्याचा पटाईत, म्हणजे पट्टा चालवण्यात तरबेज असलेला, सैद बंडा महाराजांवर धावून आला, तेव्हाचा प्रसंग सभासदाने अशा बारकाईने सांगितला आहे की तो लिहिणाऱ्याला शस्त्रांची जाण होती याविषयी शंका राहत नाही. महाराजांनी जिवा महाला याच्याजवळचा पट्टा घेतला, दुसऱ्या हातात बिचवा, म्हणजे आखूड खंजीर, होताच, आणि दोहोंची कातर केली, म्हणजे पट्टा आणि बिचवा कात्रीच्या पात्यांसारखे एकमेकांवर आडवे धरून त्या बेचक्यात शत्रूचा वार अडवला. सैदाचे चार हात, म्हणजे चार वार, असे निष्फळ केल्यावर पाचवा वार बसण्याच्या बेतात असताना जिवा महालाने फिरंगेने त्याच्या खांद्यावर घाव घातला आणि शस्त्रासकट हात खाली पाडला. एवढ्या तीन-चार वाक्यांत लांब आणि आखूड शस्त्रांची जोडी कशी वापरावी, पटाईताचा वार कोठे धरावा, वार मोजत कसे लढावे आणि जोडीदाराने मारणाऱ्याच्या देहाऐवजी हत्यार धरलेल्या खांद्याला लक्ष्य का करावे, हे सर्व आलेले आहे. मराठीत तलवारविद्येवरील सर्वांत मोलाचा उतारा कोणता, असे विचारल्यास याच उताऱ्याकडे बोट दाखवावे लागेल. तथापि सभासदाचा हेतू ही विद्या शिकवण्याचा नव्हता. त्याला राजाचे चरित्र सांगायचे होते, आणि विद्या त्या चरित्राच्या ओघात, जणू वाटेत, नोंदली गेली.

जपानमधील चित्र याच्या उलट आहे. मियामोतो मुसाशी याचा जन्म १५८४ च्या सुमाराचा. वयाच्या तेराव्या वर्षापासून तिशीच्या आत आपण साठांहून अधिक द्वंद्वे खेळलो आणि एकही हरलो नाही, असे त्याने स्वतःच लिहून ठेवले आहे. त्यांपैकी सासाकी कोजिरोबरोबर १६१२ मध्ये एका बेटावर झालेले द्वंद्व सर्वांत प्रसिद्ध. उतारवयात तो कुमामोतोच्या होसोकावा सरदाराच्या आश्रयाला गेला, १६४३ मध्ये तेथील रेइगान्दो नावाच्या गुहेत लिहावयास बसला, आणि १६४५ मध्ये मृत्यूच्या आठवडाभर आधी ‘गोरिन नो शो’ हा ग्रंथ त्याने आपल्या शिष्याच्या हाती सोपवला. त्याचे पाच भाग पृथ्वी, जल, अग्नी, वायू आणि शून्य अशा नावांचे आहेत. बौद्ध धर्माबरोबर भारतातून चीनमार्गे जपानपर्यंत गेलेली ही पंचमहाभूतांची मांडणी मराठी वाचकाला परकी वाटू नये. एका हातात लांब आणि दुसऱ्या हातात आखूड तलवार घेऊन लढण्याची पद्धत हे मुसाशीच्या संप्रदायाचे वैशिष्ट्य होते, आणि प्रतापगडाखालची पट्टा-बिचव्याची जोडी तिच्याशी नाते सांगणारी आहे. ‘वायू’ या भागात त्याने इतर संप्रदायांच्या उणिवा दाखवल्या, कोणी तलवारीच्या लांबीवर फाजील विश्वास टाकतो, कोणी निव्वळ वेगावर, अशी त्यांची झडती घेतली. आणि एका माणसाला हरवण्याचे तत्त्व व हजारोंच्या सैन्याला हरवण्याचे तत्त्व एकच आहे, हे त्याने पुन्हा पुन्हा बजावले. याग्यू मुनेनोरी हा तोकुगावा शोगुनांचा, म्हणजे जपानच्या प्रत्यक्ष सत्ताधीशांचा, तलवारगुरू. त्याचा ‘हेइहो कादेन शो’ १६३२ चा आहे. त्यात जीव घेणारी तलवार आणि जीव राखणारी तलवार असा भेद असून ताकुआन या झेन भिक्षूच्या विचारांची छाप त्यावर दिसते.

हे दोन्ही ग्रंथ ज्या काळात लिहिले गेले तो काळ ध्यानात घेतला पाहिजे. १६०० मध्ये सेकिगाहाराची लढाई झाली, १६१५ मध्ये ओसाकाचा किल्ला पडला, १६३८ मध्ये शिमाबाराचे बंड मोडले, आणि त्यानंतर दोनशेहून अधिक वर्षे जपानमध्ये मोठे युद्ध झाले नाही. लाखो सामुराई तलवार कमरेला लावून फिरत होते आणि त्यांना लढायला रणांगण उरले नव्हते. तेव्हा रणांगणावर जे आपोआप शिकले जात होते ते आता शाळेत शिकवावे लागले, शाळेसाठी संप्रदाय ठरले, संप्रदायासाठी पोथ्या लागल्या, आणि तलवार हळूहळू मन घडवण्याचे साधन मानली जाऊ लागली. मुसाशीचा ग्रंथ थोर आहे यात वाद नाही; पण तो थांबलेल्या युद्धाचा ग्रंथ आहे.

येथे मात्र युद्ध थांबलेच नाही. १६४० च्या दशकात मावळात सुरू झालेला संघर्ष संभाजी महाराजांच्या वधानंतर मिटला नाही, औरंगजेबाच्या मृत्यूनंतर मिटला नाही. कोकणात सिद्दी, पोर्तुगीज, इंग्रज आणि आंग्रे यांच्यात तो अठराव्या शतकभर धुमसत राहिला. रोह्याजवळचा अवचितगड १७१३-१४ च्या तहाने कान्होजी आंग्र्यांकडे राहिलेल्या दहा किल्ल्यांपैकी एक होता. आंग्र्यांच्या आरमारात तोफेइतकेच महत्त्व शत्रूच्या जहाजाला भिडून त्यावर तलवारीनिशी उड्या घेणाऱ्या लोकांना होते, आणि ही माणसे याच खाड्यांच्या काठची होती. ज्या मुलखात बाप लढाईवरून परत येऊन मुलाला हात दाखवी आणि मुलगा पुढच्या हंगामात स्वतः मोहिमेवर जाई, त्या मुलखात विद्या विसरली जाण्याची भीती नव्हती, आणि जे विसरले जाण्याची भीती नाही ते लिहून ठेवण्याची निकडही वाटत नाही.

याला एक आक्षेप घेता येईल, तो असा की येथे तलवार चालवणारा वर्ग आणि लेखणी चालवणारा वर्ग वेगळे होते, म्हणून पोथी झाली नाही. तालमीतील वस्ताद अनेक जातींचे होते, त्यांतील पुष्कळांना अक्षरओळख नव्हती, आणि लेखन कारकुनांच्या हाती होते, हे खरे आहे. परंतु हे कारण पुरेसे नाही, आणि ते पुरेसे नसल्याचा पुरावा पेण-रोह्यातच आहे. या दोन्ही गावांत पूर्वापार वस्ती असलेल्या चांद्रसेनीय कायस्थ प्रभू समाजाने दोन्ही साधने एकाच घरात नांदवली. बाजीप्रभू देशपांडे आणि पुरंदरावर १६६५ मध्ये पडलेले मुरारबाजी देशपांडे याच समाजातले, आणि महाराजांचे चिटणीस बाळाजी आवजी हेही याच समाजातले. चिटणीस घराण्याने पुढे बखर लिहिली, पत्रव्यवहार सांभाळला. तलवारीवर पोथी त्यांनीही लिहिली नाही. लिहिता येणे आणि लढता येणे एकत्र आले तरी ग्रंथ होत नाही. त्यासाठी लढण्यातून मिळालेली उसंत लागते.

शिवाय शस्त्रविद्या लिहिण्याची प्रथाच या भूमीत नव्हती असेही नाही. कल्याणीचा चालुक्य राजा सोमेश्वर तिसरा याने बाराव्या शतकाच्या पूर्वार्धात रचलेल्या ‘मानसोल्लास’ या संस्कृत ग्रंथात, ज्यात जुन्या मराठीचेही अंश आढळतात, शस्त्रविनोद आणि अंकविनोद अशी प्रकरणे आहेत. शस्त्रविनोद म्हणजे राजाने सभेपुढे करावयाचे शस्त्रकौशल्याचे प्रदर्शन, आणि अंकविनोद म्हणजे सशस्त्र द्वंद्वाचा खेळ. तो ग्रंथही स्थिरावलेल्या दरबाराचाच आहे, आणि त्यात शस्त्र हा राजाच्या करमणुकीचा एक प्रकार म्हणून आलेला आहे. शिवकाळातील ‘राजव्यवहारकोश’ रघुनाथ नारायण हणमंते यांच्या देखरेखीखाली झाला. राज्यकारभारातील सुमारे चौदाशे फारसी व दक्षिणी शब्दांना त्याने संस्कृत पर्याय दिले आणि त्यातला एक स्वतंत्र वर्ग शस्त्रांना वाहिलेला आहे. म्हणजे शस्त्रांची नावे लिहिली गेली, ती चालवण्याची रीत नाही.

मराठ्यांच्या युद्धाचा स्वभाव हे दुसरे आणि तितकेच वजनदार कारण होय. पेणच्या पूर्वेला, आजच्या खालापूर तालुक्यात, फेब्रुवारी १६६१ मध्ये उंबरखिंडीची लढाई झाली. मोगल सरदार कारतलबखान आणि त्याच्याबरोबरची रायबागन घाट उतरून दाट अरण्यातल्या अरुंद वाटेने कोकणात येत असता महाराजांच्या लोकांनी पुढची आणि मागची तोंडे बंद केली, दोन्ही बाजूंच्या उंचवट्यांवरून मारा सुरू केला, पाणी तोडले, आणि खानाला सर्व सामान टाकून शरण यावे लागले. कवींद्र परमानंदाने ‘शिवभारत’ या संस्कृत काव्यात ही लढाई विस्ताराने वर्णिली आहे, आणि त्या वर्णनाचा खरा नायक तलवार नसून अरण्य आहे. मुसाशीच्या जपानमध्ये कीर्ती मिळे ती द्वंद्वाने. येथे ती मिळे जागा आणि वेळ निवडण्याने. ज्या युद्धपद्धतीत समोरासमोरची हातघाई शक्य तितकी टाळून शत्रूला आधीच निर्बल करायचे असते, तिच्यात बुद्धिमान माणसाचे चिंतन वाराच्या कोनावर नव्हे तर डोंगराच्या रचनेवर खर्ची पडते.

म्हणूनच मुसाशीच्या ग्रंथाशी तुलना करण्याजोगा मराठी ग्रंथ शोधायचा झाला तर तो रामचंद्रपंत अमात्यांच्या ‘आज्ञापत्रा’त सापडतो, असे म्हणणे धाडसाचे ठरू नये. रामचंद्रपंतांनी शिवाजी महाराजांपासूनच्या कारकिर्दी पाहिल्या, राजाराम महाराज जिंजीला असताना हुकूमतपनाह या नात्याने महाराष्ट्रातील युद्धाचा भार वाहिला, आणि आयुष्याच्या अखेरीस, १७१५-१६ च्या सुमारास, कोल्हापूरच्या तरुण संभाजीराजांसाठी हा राजनीतीचा ग्रंथ सिद्ध झाला. उतारवयातला अनुभवी माणूस पुढच्या पिढीतील एका व्यक्तीला उद्देशून, स्वतःच्या हातांनी केलेले काम सांगतो आहे, ही दोन्ही ग्रंथांची जात एकच आहे. फरक विषयाचा. गड हा राज्याचा आधार कसा, दरवाजा खालून दिसू नये म्हणून बुरूज कसे काढावेत, पाणी पाहून मगच जागा का धरावी, दारूखाना वस्तीपासून दूर का ठेवावा, गडाभोवतीच्या झाडीतली काठीही का तोडू देऊ नये, हे ‘आज्ञापत्र’ ज्या नेमकेपणाने सांगते तो नेमकेपणा मुसाशी पावलांच्या ठेवणीविषयी दाखवतो. अवचितगडावर गेल्यास ग्रंथाचा अर्थ डोळ्यांना दिसतो. गडाला वेढून असलेले दाट रान, कातळात खोदलेली टाकी, बारा कोनांचा बांधीव तलाव आणि बुरुजावरचा शके १७१८ चा, म्हणजे १७९६ चा, शिलालेख पाहताना हे ध्यानात येते की पेशवाईच्या अखेरीपर्यंत या गडाची डागडुजी करणारे लोक त्याच विचाराने चालत होते. एका माणसाला जिंकण्याची आणि सैन्याला जिंकण्याची रीत एकच असे मुसाशी म्हणाला; मराठ्यांनी त्यांतली दुसरी रीत लिहिली आणि पहिली तालमीत ठेवली.

त्या तालमीकडे आता वळले पाहिजे. तालीम म्हणजे लाल मातीचा हौद, मारुतीची मूर्ती, जोर-बैठकांची जागा आणि भिंतीला टांगलेली हत्यारे. शिकवणारा तो वस्ताद. शिक्षणाची सुरुवात शस्त्राने होत नसे, पवित्र्याने होत असे. पवित्रा म्हणजे पाय, गुडघे आणि कंबर यांची अशी ठेवण की जिच्यातून चारही दिशांना तोल न जाता वळता येईल. तो अंगवळणी पडल्यावर हातात लाठी येई, मग फरी-गदका, आणि त्यानंतर खरे पाते. गदका म्हणजे चामड्याचे आवरण घातलेली, मुठीला परज असलेली वेताची काठी, आणि फरी म्हणजे डाव्या हातात धरावयाची चामड्याची लहान ढाल. खऱ्या वेगाने वार करता यावेत पण हाड मोडू नये, हा त्यातील हेतू. जपानमध्ये सोळाव्या शतकात कामिइझुमी नोबुत्सुना या तलवारगुरूने चिरलेल्या बांबूवर चामड्याची पिशवी चढवून नेमका याच हेतूने सरावाचे हत्यार प्रचारात आणले होते. दोन दूरच्या देशांतील वस्तादांना एकाच अडचणीवर एकच उपाय सुचावा, हे या विद्येचे शास्त्र किती पक्क्या पायावर उभे होते याचे गमक आहे.

पट्ट्याच्या शिक्षणातील शेवटची परीक्षा आजही प्रात्यक्षिकांत पाहता येते. जमिनीवर बसलेल्या अथवा आडव्या झालेल्या जोडीदाराच्या तळहातावर लिंबू ठेवतात. पटेकरी त्याच्याभोवती पट्टा फिरवत चार-सहा पवित्रे घेतो आणि फिरण्याचा वेग जराही न मोडता लिंबाचे दोन तुकडे करतो, हाताला ओरखडाही उठत नाही. मनगट बांधलेले असल्याने शेवटच्या क्षणी पाते आवरता येत नाही. त्यामुळे ते कोठे थांबणार हे वार सुरू होण्याआधीच खांद्याने आणि मागच्या पायाने ठरवलेले असावे लागते. कागदावर हे वाक्य लिहिता येते, पण खांद्याला ते कळण्यासाठी वर्षे जातात, आणि जुन्या वस्तादांनी पोथीपेक्षा शिष्यावर विश्वास का ठेवला, ते यातून समजते.

१८१८ मध्ये पेशवाई गेली, १८४० मध्ये कुलाब्याचे आंग्र्यांचे संस्थान खालसा झाले, आणि ही विद्या रणांगणावरून पूर्णपणे तालमीत आली. पुण्याच्या गंज पेठेत लहुजी वस्ताद साळवे यांची तालीम हे त्या संक्रमणाचे सर्वांत मोठे उदाहरण. १७९४ मध्ये जन्मलेल्या लहुजींनी मराठी राज्याचा शेवट तरुणपणी पाहिला होता, आणि त्यांच्या तालमीत जोतीराव फुले यांनी दांडपट्टा व नेमबाजी शिकली, तशीच वासुदेव बळवंत फडके यांनीही शस्त्रविद्या घेतली. फडके मूळचे पनवेलजवळच्या शिरढोणचे. त्यांचे आजोबा पेणच्या वाटेवरील कर्नाळा किल्ल्याचे शेवटचे किल्लेदार. आजोबांच्या हातून गेलेला किल्ला आणि नातवाने तालमीत पुन्हा उचललेले शस्त्र यांत जेमतेम दोन पिढ्यांचे अंतर आहे. १८७९ च्या उठावात फडक्यांनी रामोश्यांना बरोबर घेतले, पकडले गेले, आणि १८८३ मध्ये एडनच्या तुरुंगात त्यांचा अंत झाला. त्यांनी आत्मचरित्र आणि रोजनिशी लिहिली, पण तालमीत काय शिकलो ते लिहिण्याइतकी उसंत त्यांनाही मिळाली नाही.

जपान आणि महाराष्ट्र यांच्या वाटा एका टप्प्यावर फार जवळ येतात. १८७६ मध्ये जपानच्या नव्या सरकारने सामुराईंना तलवार बाळगण्यास बंदी केली. १८७८ मध्ये हिंदुस्थानात शस्त्रांचा कायदा झाला. मात्र तेथे बंदी घालणारे सरकार स्वतःचे होते आणि त्याच देशाने १८९५ मध्ये क्योतो येथे युद्धकलांच्या जतनासाठी राष्ट्रीय संस्था उभी केली. येथे बंदी परक्यांची होती आणि जतनाचे काम संस्थानिकांच्या आश्रयाने अथवा खाजगी हिमतीवर करावे लागले. बडोद्यात सयाजीराव गायकवाडांच्या काळात जुम्मादादांचा आखाडा आणि त्यांचे शिष्य प्रोफेसर माणिकराव यांनी लाठी, बोथाटी (बोथट टोकाचा भाला), फरी-गदका, पट्टा यांचे शिक्षण शिस्तबद्ध केले. अमरावतीत १९१४ मध्ये वैद्य बंधूंनी हनुमान व्यायाम प्रसारक मंडळ स्थापले, ज्याच्या पथकाने १९३६ च्या बर्लिन ऑलिंपिकच्या वेळी भारतीय खेळांची प्रात्यक्षिके दाखवली. पेण तालुक्यातील गागोद्यात १८९५ मध्ये जन्मलेले विनोबा भावे बालपणी याच बडोद्यात शिकावयास गेले आणि त्यांनी शस्त्राचा सर्वस्वी त्याग करणारा मार्ग निवडला; एकाच मातीतून दोन्ही वाटा निघाल्या, हे स्मरणात ठेवण्याजोगे आहे.

आणि बडोद्यातच अखेर पोथी झाली. दत्तात्रय चिंतामण करंदीकर ऊर्फ मुजुमदार यांनी संपादित केलेल्या ‘व्यायाम ज्ञानकोशा’चे दहा खंड १९३६ ते १९४९ या काळात मराठीत प्रसिद्ध झाले. ज्या विद्येने तीनशे वर्षांत स्वतःविषयी एक पानही लिहिले नव्हते तिचे पवित्रे, हात, तोड आणि जोडीचे डाव या कोशात चित्रांसह मांडले गेले. मुसाशीप्रमाणे त्यात एका माणसाच्या साठ द्वंद्वांचे सार नाही. अनेक वस्तादांकडून गोळा केलेले ज्ञान त्यात आहे, आणि मराठी तलवारविद्या मुळात सामूहिक होती हे पाहता हे रूप तिला शोभणारेच आहे. तरीही उशीर झाला होता. कोशात नोंदलेले हात शिकवणारे वस्ताद रणांगण पाहिलेले नव्हते. ते रणांगण पाहिलेल्यांच्या शिष्यांचे शिष्य होते, आणि या दरम्यान किती हात गळून पडले असतील याचा हिशेब कोणत्याही खंडात मांडता येण्याजोगा नव्हता.

पेण-रोह्याच्या मुलखात आता या विद्येचा माग दगडात आणि विधीत लागतो. अवचितगडाच्या वाटेवर वीरगळ आहे. वीरगळ म्हणजे लढाईत पडलेल्या वीराच्या स्मरणार्थ उभारलेला दगड. साधारणपणे त्याच्या खालच्या चौकटीत ढाल-तलवार घेतलेला वीर झुंजताना दिसतो, मधल्या चौकटीत अप्सरा त्याला वर नेत असतात, आणि वरच्या चौकटीत तो शिवलिंगासमोर बसलेला असतो. ढाल किती उंच धरली आहे, तलवारीचा हात खांद्यामागे किती गेला आहे, गुडघा कोणता वाकला आहे, हे त्या खालच्या चौकटीत शिल्पकाराने पाहून कोरलेले असते. शब्दांत न उतरलेला पवित्रा तेथे दगडात उतरला आहे, आणि अभ्यासकांनी या दृष्टीने जिल्ह्यातील वीरगळ अजून पुरेसे पाहिलेले नाहीत. खंडेनवमीला घरोघर शस्त्रे किंवा शस्त्रांच्या जागी आलेली अवजारे पुजली जातात. रोह्याचे ग्रामदैवत धावीर महाराज यांची पालखी दसऱ्याच्या उत्सवात निघते तेव्हा पोलीस दलाकडून देवाला सशस्त्र मानवंदना दिली जाते.

शिवजयंतीच्या आणि गणेशोत्सवाच्या मिरवणुकांत दांडपट्टा व लाठी फिरवणारी मुलेमुली आता गावोगाव दिसू लागली आहेत, आणि कोल्हापूरकडील मर्दानी खेळांच्या आखाड्यांमुळे त्यांना पुन्हा बळ मिळाले आहे. या पथकांच्या चालकांनी एक काम अवश्य करावे: आपण जो हात शिकवतो त्याचे नाव, तो कोणाकडून शिकलो त्या वस्तादाचे नाव, आणि त्या वस्तादाने तो कोठे घेतला ते, इतके तीन रकाने असलेली वही प्रत्येक आखाड्यात ठेवावी, आणि हयात असलेल्या वृद्ध वस्तादांच्या पवित्र्यांचे चित्रण करून ते तालुक्याच्या ग्रंथालयात जमा करावे. आज युद्ध थांबलेले आहे, आणि लिहिता येणारे हात आखाड्यातच आहेत.